विहीणबाईंची पहिली कयाक

कयाक घ्यायला बेळगावला कशाला जायचं, समुद्र तर गोव्याला आहे, असं मला नाशिकला बऱ्याच जणांनी ऐकवलं. मी वाद घातला नाही. कयाक गोव्याला मिळते हे खरं, पण तिच्यात बसायला तयार झालेली माझी एकमेव जोडीदारीण बेळगावच्या वडगावात राहते. ती माझी विहीण, म्हणजे माझ्या मधुराची सासू.

कयाक म्हणजे अरुंद, लांबट होडी. एक माणूस पाय पुढे पसरून आत बसतो आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे पाणी मारत जातो. टूरिंग कयाक ही त्यातली प्रवासाची जात. ती जास्त लांब असते, सरळ रेषेत चालते, आणि पुढच्या-मागच्या बंद कप्प्यांत तंबू, कपडे, शिधा मावतो. कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यावर दोन हिवाळे मी धरणाच्या पाण्यावर हे शिकले. सगळं शिकून झाल्यावर कळलं की नदीवर एकटीनं जायचं नसतं. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाले, "पाण्यात बसून पाणीच बघायचं?" मैत्रिणींना केस ओले होण्याची काळजी होती.

शांताक्कांना मी विचारलंच नव्हतं. मधुरानं त्यांना माझा व्हिडिओ दाखवला आणि त्यांचाच फोन आला.

"विहीणबाई, ह्यात बसूनच जायचं न्हवं?"

"हो."

"पायऱ्या-बियऱ्या काय न्हाईत?"

"नदीला कुठल्या पायऱ्या?"

"मग मी येतो."

बेळगावकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. पहिल्या दिवशी कानाला खटकतं, तिसऱ्या दिवशी आपल्याही तोंडात बसतं.

पायऱ्यांचं कारण असं, की शांताक्कांचे गुडघे गेलेत. घरची सगळी मंडळी गड चढून आली, डोंगरावरचे देव करून आली. प्रत्येक वेळी पायऱ्या सुरू झाल्या की शांताक्का खालीच, सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या राखत. म्हणून आता त्यांनी गल्लीत जाहीर करून टाकलं होतं की संक्रांत झाली की मी बोरगावहून दूधगंगेतून निघणार ते कृष्णेपर्यंत, स्वतःची नाव स्वतः वल्हवत. बोलून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांच्या अंगाला बसेल, त्यांच्यानं चालेल आणि त्या गुडघ्यांनिशी ज्यातून बाहेर येता येईल अशी कयाक अजून मिळायची होती. तेवढ्यासाठी मी गेले.

वडगाव

वडगावच्या गल्लीत शिरलं की आधी आवाज येतो. घराघरांतून यंत्रमागांची खटखट चालू असते आणि माणसं त्या आवाजाच्या वरून बोलतात. त्यामुळे साधी चौकशीही भांडणासारखी वाटते.

आमच्याकडे विहीण आली की दोन दिवस पाहुणी, मग ती आपणहून कोथिंबीर निवडायला घेते. वडगावात तसलं चालत नाही. मी ताट उचलायला गेले तर शांताक्कांनी हातातून ओढून घेतलं. आणि व्याही दत्तोबा माझ्याशी थेट बोलत नाहीत. समोरासमोर बसलो असलो तरी निरोप बायकोमार्फत.

"विहीणबाईंना म्हणावं, आणि एक शेंगांची पोळी घ्या."

मी घेतली. शेंगदाण्याचा कूट आणि गूळ भरलेली ही पातळ, खुसखुशीत पोळी तुपाबरोबर खातात. दोन झाल्यावर थांबावं हे शहाणपण मला तिसरीनंतर सुचलं.

"विहीणबाईंना विचार," दत्तोबा पुढे म्हणाले, "नदीत मगर आली तर काय करायचं?"

"तुम्हीच विचारा की, त्या काय बहिऱ्या हाईत?" शांताक्का म्हणाल्या.

मी सांगितलं की जिथे गावाच्या म्हशी डुंबतात तिथूनच जाऊ, आणि रोज स्थानिक माणसांना विचारून पाण्यात उतरू. दत्तोबांनी मान हलवली. "पोहायला येतंय तिला. तिची काळजी न्हाय मला." मग भिंतीकडे बघून, "मगरीची हाय."

पोहायला येतं हे मी आधीच विचारून घेतलं होतं. लहानपणी माहेरच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून त्यांना ढकललं होतं. ज्याला पोहता येत नाही त्यानं आधी पोहायला शिकावं आणि मग कयाक बघायला निघावं. लाइफ जॅकेट घातलं तरी पाण्याची भीती अंगातून जायला हवी.

संध्याकाळी दारात शेजारच्या आजीबाई येऊन बसल्या. "शांते, खरंच निघालीस व्हय गं?"

"निघालो की."

"आणि गुडघं?"

"गुडघं नावंत. मी वल्हवणार हातानं."

"बघ बाई. आमाला तुला पाण्यातनं काढल्यालं बघायचं न्हाय." आजीबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तरी हिला शाणी करा जरा."

मी म्हटलं, "मीच तर घेऊन चालले आहे." त्या उठून गेल्या.

जांबोटी

जांबोटीला बस मोजक्याच. बेळगाव सोडल्यावर थोड्याच वेळात झाडी दाट होते आणि रस्ता ओलसर सावलीत शिरतो. भाताची कापणी झालेली, खाचरांत गुरं सोडलेली. स्टॉपवर कयाक दाखवणारे रवळूअण्णा टेम्पो घेऊन उभे होते. शांताक्कांना चालावं लागू नये म्हणून मी आधीच फोन करून ठेवला होता.

रवळूअण्णा चाळिशीचे. बरीच वर्षं गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना कयाक शिकवत. वडिलांच्यानं शेती होईना तेव्हा परत आले, येताना काही जुन्या कयाक बरोबर घेऊन आले. आता त्या गोठ्यात, म्हशींच्या डोक्यावर आढ्याला दोरांनी टांगलेल्या असतात, शेजारी भाताचं पिंजर. मी खालून बघून लांबी-रुंदी विचारायला लागले.

"मॅडम, नाव चपलेगत असती," ते म्हणाले. "बघून न्हाय कळत. पाय घालून दोन पावलं चालायला पाहिजे."

शांताक्का घरात जाऊन साडी सोडून आल्या. आत मधुराचा पंजाबी ड्रेस होता. गल्लीत दिसू नये म्हणून बेळगावपासून साडीच्या आत घालून आल्या होत्या. "तुमच्या लेकीचा हाय," मला म्हणाल्या, "कंबरेत घट्ट झालाय तर तुमच्याच घरचं माप बारीक."

घराखाली मलप्रभेचा एक शांत डोह आहे, तिथे आम्ही उतरलो.

पहिली नाव पाटासारखी, वर बसायची. पाय उघडे, सगळं उघडं. शांताक्का बसल्या, चार हात मारले आणि खूश झाल्या. "हीच घेऊया! हालत बी न्हाय."

नवशिक्याची पहिली चूक हीच. जी नाव पहिल्या पाच मिनिटांत हलत नाही ती आवडते. पण रुंद नाव म्हणजे हळू नाव. दिवसभर वल्हवलं की खांदे बोलायला लागतात. शिवाय तिच्या तळाच्या भोकांतून पाणी वर येतं, माणूस दिवसभर ओला बसतो आणि सामान वर बांधावं लागतं, तेही ओलं. तासाभराच्या मजेला ती उत्तम. मुक्कामाच्या प्रवासाला नाही. मी हे सांगितल्यावर शांताक्कांचा चेहरा पडला.

दुसरी फायबरची. लाल, हलकी, दिसायला इतकी सुरेख की मलाच मोह झाला. पण बसायची जागा म्हणजे एक लहान गोल भोक. दोघांनी धरून शांताक्कांना आत सरकवलं. बाहेर येताना मात्र गुडघा काठाच्या वर येईना. नाव उलटली तर आतून निसटून यायचं असतं, त्याचा सराव उथळ पाण्यात सगळ्यांनाच करावा लागतो. तो केला, तर बरणीतून लोणच्याची फोड काढावी तशा त्या आल्या, नडग्या खरवडून घेत.

"देखणी हाय," केस पिळत त्या म्हणाल्या, "पण हिच्यात मी ऱ्हायलो तर मला नावंसकट जाळावं लागंल."

तिसरी माझ्या मनातली. निळी, जाड प्लास्टिकची. बसायची जागा लांबट, त्यामुळे गुडघा उचलून बाहेर काढता येतो. मागे-पुढे घट्ट झाकणांचे कप्पे. आणि शेपटाला सुकाणू. ते आतल्या दोन पायट्यांनी चालतं. उजवी पायटी दाबली की नाव उजवीकडे, डावी दाबली की डावीकडे. आम्हाला शिकवणारे सर सांगायचे, लांबच्या प्रवासाला सुकाणू हवंच. मी नाशिकहूनच हे ठरवून आले होते.

रवळूअण्णांनी मागच्या कप्प्यात भाताची दोन लहान पोती टाकली. हे मात्र प्रत्येकानं करून बघावं. रिकामी टूरिंग कयाक बिथरल्यासारखी डुलते आणि माणूस घाबरून नको म्हणतो. प्रवासाएवढं वजन पडलं की ती पाण्यात बसते आणि शांत होते. शांताक्का आत बसल्या, मी बाजूनं ती पाटासारखी नाव घेऊन निघाले, आणि "चला" म्हटलं.

त्यांची नाव डावीकडे गेली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, जास्तच. दर हाताला ती तोंड फिरवत होती. डोह ओलांडायला सरळ दहा-वीस हात पुरले असते. त्या दोन्ही काठांना जाऊन आल्या आणि शेवटी बांबूच्या बेटात शिरल्या.

"पाय स्थिर ठेवा!" मी ओरडले.

"ठेवलंय की!"

"मग नाव का वळतेय?"

"मला काय विचारतासा? ही दारू प्यालीया!"

चार वेळा केलं. चारही वेळा तेच. शेवटच्या खेपेला त्या काठाला लागल्या, वल्हं गवतात टाकलं आणि कपडे बदलायला गेल्या.

जेवायला तांदळाची भाकरी, हुलग्याची आमटी आणि ताक होतं. शांताक्का भराभर जेवल्या. हात धुऊन आल्यावर म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही दुसरं कोण तरी बघा. माझ्यानं हुईत न्हाय."

"एका दिवसात कोणालाच येत नाही."

"तुम्हाला येतंय. रवळूला येतंय. मलाच न्हाय. मी गल्लीत सांगतो, विहीणबाईंना ताप आला म्हणून ऱ्हायलं."

"मला ताप?"

"मला आला म्हटलं तर सगळी बघायला येत्यात. तुमच्याकडं नाशिकला कोण येतंय?"

हे त्यांनी हसून म्हटलं, पण त्यानंतर त्या म्हशींकडे बघत बसल्या. मला चिडायला झालं होतं, ते त्यांच्यावर नव्हे. चांगली दणकट बाई, खांद्यात ताकद, पाण्याची भीती नाही, आणि नाव नेमकी तिच्याच हाताखाली वेडी होते. स्टोअरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं कळतं की सामान चांगलं, माणूस चांगला आणि तरी काम बिघडत असेल तर दोघांच्या मध्ये काहीतरी बसत नसतं. मी रवळूअण्णांना म्हटलं, निळी नाव अंगणात आणा. शांताक्कांना विनवलं, "पाणी नको. नुसतं बसा, हवेत वल्हं मारा. मला बघायचंय."

"बसतो. पण परत पाण्यात चला म्हणायचं न्हाय."

त्या बसल्या आणि हवेत हात मारू लागल्या. मी समोर उभी, मला काही दिसेना. रवळूअण्णा शेपटाकडे होते. ते हसायला लागले.

"मॅडम, हिकडं या. म्हशीगत शेपूट हालवालीया."

सुकाणू प्रत्येक हाताबरोबर इकडून तिकडे जात होतं. म्हणजे पाय चालले होते.

"आक्का, पाय कशाला मारतासा?"

"कुठं मारतो? हात मारतो न्हवं!"

त्यांना ठाऊकच नव्हतं. मी आत वाकून बघितलं. उजवा हात ओढला की उजवं पाऊल दाबलं जात होतं, डावा ओढला की डावं. घड्याळासारखं. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शांताक्कांच्या घरात आज यंत्रमाग असले तरी त्या स्वतः परकरी वयापासून खड्डामागावर बसलेल्या आहेत. जमिनीत खड्डा, काठावर बसायचं, पाय आत सोडायचे, खाली पावड्या दाबायच्या आणि वर हातानं धोटा फेकायचा. पाय आणि हात एका तालात, आयुष्यभर. इथे पाय पुढे सोडून बसल्या, पायाखाली दोन पट्ट्या लागल्या, हातात एकदा इकडे एकदा तिकडे असं काम आलं. पायांनी कोणाला विचारलं नाही.

"पाय अजिबात हलवू नका," मी म्हटलं. त्यांनी पाय थांबवले. हातही थांबले. पुन्हा सुरू केलं, तर पाय सुरू. पाय धरून ठेवले, तर वल्हं मांडीवर.

"हे माझ्या हातात न्हाय बघा," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसायला लागल्या. "आमच्या सासूबाई म्हणायच्या, हिला झोपंत बी पावडी लागती."

ती सवय मोडायला वर्ष लागलं असतं. नाव बदलायला टेम्पो पुरला असता. रवळूअण्णांनी विचार करून सांगितलं की बोरगावला त्यांच्या साडूकडे एक जुनी कयाक पडून आहे. सुकाणू नाही. पायाला टेकायला ठोकळे आहेत, पण घट्ट बसवलेले, न हलणारे. तळाशी एक पातं आहे, ते हवं तेव्हा बोटानं खाली सोडता येतं.

"बघायचं?" मी विचारलं.

शांताक्का साडीच्या विस्कटलेल्या निऱ्या नीट करत होत्या. "बघायला काय हुतंय. बसायचं मी कबूल केल्यालं न्हाय."

बोरगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोवर निळी कयाक बांधून आम्ही निघालो. संकेश्वर मागे पडलं, तवंदीचा घाट उतरला, आणि निपाणीजवळ खिडकीतून तंबाखूचा उग्र, गोडसर वास यायला लागला. दुकानांच्या पाट्यांवरची कन्नड मला येत नाही. शांताक्का वाचून दाखवत होत्या, फोनवर कोणाशी कन्नडात बोलत होत्या, आणि त्याच श्वासात रवळूअण्णांना मराठीत गाडी हळू चालवायला सांगत होत्या. निपाणीत मिसळ खाल्ली. मी नाशिकची, त्यामुळे मिसळीबद्दल माझं मत कोणी विचारू नये. पण पाव दुसऱ्यांदा मागितला एवढं लिहिते.

रवळूअण्णांचे साडू, तात्या, उसाच्या फडाकडेला राहतात. पुरात उपयोगी पडेल म्हणून कयाक त्यांच्याकडे ठेवलेली. ती गोठ्यामागे उसाच्या पाल्याखाली होती. पाला काढला तर बसायच्या जागेत एक लाल कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"तिला उठवू नका हां," तात्या घाईनं म्हणाले. "आज-उद्या पिल्लं निघायची."

रवळूअण्णा डोकं खाजवायला लागले. शांताक्का पुढे झाल्या, टोपलीत पाला घातला, कोंबडीच्या पोटाखाली दोन्ही हात घालून अंड्यांसकट तिला उचललं, टोपलीत ठेवलं आणि वरून पोतं टाकलं. कोंबडी हललीसुद्धा नाही.

"उठून गेली तर?" तात्या.

"जाती कुठं? तिला बसायला जागा मिळाली की बास." मग रिकाम्या नावेकडे बघून शांताक्कांनी आत पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या, कुंच्यानं घासलं, आणि पुसायला फडकं मागितलं. ज्या नावेत बसायचं नसतं ती माणूस इतकी घासत नाही.

हिरवी होती एकेकाळी. आता मळखाऊ. लांबी निळीपेक्षा थोडी कमी, बसायची जागा तितकीच लांबट, झाकणांचं रबर शाबूत. शांताक्का जमिनीवरच आत बसल्या आणि पायांनी ठोकळे दाबून बघितले. ठोकळे हलले नाहीत.

"हं," एवढंच म्हणाल्या.

दूधगंगा या दिवसांत भरलेली असते. पावसाळा संपला की कोल्हापुरी बंधाऱ्यांना फळ्या घालतात, पाणी अडतं, आणि दोन बंधाऱ्यांच्या मध्ये नदी लांब तळ्यासारखी उभी राहते. दोन्ही काठांना ऊस पाण्यापर्यंत आलेला, मध्येमध्ये पंपांची घरं आणि जाड पाइप, आणि कुठल्या तरी गुऱ्हाळाचा वास. म्हशी पाण्यात होत्या. तात्यांना मगरीचं विचारलं.

"हाय की. पुरात येती. पण हितं न्हाय दिसली. दिसली असती तर म्हसरं आत गेली असती काय?"

मी निळी घेतली, शांताक्कांना हिरवी. त्यांचं तोंड असं, की दवाखान्यात सुई टोचून घ्यायला बसल्यात.

पहिला हात. दुसरा हात. नाव सरळ गेली.

पाच-सहा हातांनंतरही सरळ. पाय तसेच चालले होते, मला त्यांच्या गुडघ्यांवरून दिसत होतं, पण आता त्यांच्या खाली हलणारं काही नव्हतं. पायाचा दाब ठोकळ्याला लागत होता आणि तिथून सगळा नावेला. ज्या बाजूला हात त्या बाजूला पाय रेटायचा, हेच मला सरांनी दोन हिवाळे ओरडून ओरडून सांगितलं होतं आणि मला अजून दर वेळी आठवावं लागतं. मी सुकाणू सांभाळत, हात मोजत मागे राहिले. पुढे हिरव्या नावेच्या तोंडाशी पाणी चिरल्याचा बारीक आवाज येत होता.

"आता कसं?" मी ओरडून विचारलं.

"बोलू नका! ताल चुकतोय!"

वळणावर उघड्यावर आलो तेव्हा वारा सुटला. बाजूचा वारा लागला की सुकाणू नसलेली नाव वाऱ्याकडे तोंड फिरवते. तशी ती फिरायला लागली. शांताक्कांचा चेहरा जांबोटीसारखा होऊ लागला. "ही बी प्याली!"

काठावरून रवळूअण्णा धावत होते. "आक्का, उजव्या मांडीजवळ खटका हाय! मागं सरकवा! पातं खाली सोडा!"

त्यांनी वल्हं एका हातात धरलं, दुसऱ्यानं चाचपून खटका ओढला. नाव दोन हात वाकडी गेली आणि मग हळूहळू सरळ झाली. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. पुढचा हात मात्र असा मारला की माझ्या तोंडावर पाणी उडालं.

बंधारा आला. खरी परीक्षा इथे. या नदीवर दर थोड्या अंतराला बंधारा आहे, आणि प्रत्येक ठिकाणी बाहेर यायचं, नाव उचलून पलीकडे न्यायची, पुन्हा बसायचं. ज्याला हे जमणार नाही त्यानं कितीही चांगली कयाक घेऊन उपयोग नाही. रवळूअण्णा टेम्पो आणायला मागे गेले होते. तात्या शेताच्या कडेनं येत होते, अजून लांब होते. काठ दगडी होता.

मी आधी उतरून हात द्यायला गेले.

"सरा बाजूला," शांताक्का म्हणाल्या. दोन्ही हात नावेच्या कडांवर टेकले, अंग उचलून बसायच्या जागेमागे नावेच्या पाठीवर बसल्या, एक पाय काढला, मग दुसरा, दोन्ही उथळ पाण्यात सोडले आणि उभ्या राहिल्या. गुडघा कुठे दुमडावा लागला नाही. मागाच्या खड्ड्यातून रोज अशाच येत असणार.

आम्ही दोघींनी हिरवी नाव दोन टोकांनी धरून बंधाऱ्यावर चढवली. वर सपाट रस्ता आहे. एक दूधवाला सायकल थांबवून बघत राहिला. "कुठं निघालासा, आक्का?" शांताक्कांनी हनुवटीनंच पुढचं पाणी दाखवलं, नाव जड होती. पलीकडचा उतार सौम्य होता. फळ्यांच्या फटींतून पाणी झिरपत होतं आणि खाली पुढच्या बंधाऱ्याचं पाणी संथ पसरलं होतं. नाव पाण्याच्या कडेला ठेवली. मी कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि मुद्द्यावर आले.

"मग? घ्यायची का ही?"

"हिकडलं पाणी कसं हाय बघूया आधी," त्या म्हणाल्या.

लाइफ जॅकेटचे पट्टे त्यांनी स्वतः ओढून बघितले, आत बसल्या, ठोकळ्यांना पाय टेकले. मला वाटलं जरा इकडेतिकडे फिरून येतील. माझी निळी अजून बंधाऱ्याच्या अलीकडे पडली होती, आणि ती एकटीनं उचलण्यासारखी नाही. मी तात्यांना खूण करायला वळले.

परत बघते तर हिरवी नाव उसाच्या सावलीतून उन्हात गेली होती. सरळ, मधोमध. उजवा हात, डावा हात, आणि पाठीमागे पाण्याची एक रेघ, कुठेही न वाकलेली. बंधाऱ्यावर दूधवाला अजून उभाच होता.

"विहीणबाई!" मी ओरडले. "थांबा!"

त्यांनी मान वळवली नाही. आवाज मात्र पाण्यावरून स्वच्छ आला.

"थांबायचं कुठं शिकवलासा?"